आबांची जीभ

फुकट काही मिळालं की आधी ते उलटंपालटं करून बघायचं, ही माझी सवय. माहेरी मला संशयी म्हणायचे, सासरीही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे ती बाई मुकादमाच्या जीपमधून उतरली तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हटलं, ही काही सरळ दिसत नाही. हे म्हणाले, तुला आजवर सरळ कोण दिसलंय? प्रश्न बरोबर होता, पण म्हणून मी काही गप्प बसणार नव्हते.

आमचं सगळं मिठागरावरचं. भरतीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, उन्हात तापू द्यायचं, तिथून दुसऱ्या तळ्यात, मग तिसऱ्यात, आणि पुरतं दाट झालं की बांधातली फळी उचलून खालच्या वाफ्यांत सोडायचं. वाफ्यात मीठ धरतं. पाणी कच्चं असताना सोडलं तर धरलेलं मीठसुद्धा विरघळून जातं, आणि फार दिवस ठेवलं तर मीठ कडू होतं. मधली वेळ ओळखायची ती जिभेनं, आणि ती जीभ होती आमच्या सासऱ्यांची, आबांची. सकाळी गोड्या पाण्यानं चूळ भरून ते तिसऱ्या तळ्याच्या बांधावर उकिडवे बसायचे, करंगळी बुडवायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि थुंकायचे. ओळीतली सगळी घरं हातात दंताळी घेऊन खाली उभी असायची. आबा दोनच शब्द बोलायचे, "अजून", नाहीतर "उचला".

फळीजवळचं घर चाखणाऱ्याला मिळायचं. चाखणं गेलं की घर गेलं, असा तिथला नेम होता. घर म्हणजे काही महाल नव्हे, पत्र्याच्या दोन खोल्या. पण मागच्या दाराला गोड्या पाण्याचा हौद होता. बाकीच्या बायका हंडे घेऊन रस्त्यापर्यंत जायच्या, तिथं टँकर यायचा, तिथं भांडणं व्हायची. मी दारात उभी राहून लोटा बुडवायची. दिवसभर खाऱ्या पाण्यात पाय घालून उभं राहिल्यावर संध्याकाळी पायांवर गोडं पाणी ओतून घेणं काय असतं, ते अंगाला मीठ चढलेल्या बाईलाच कळेल. ते घर मी कुणाला सहजासहजी देणार नव्हते.

आणि नेमकं त्याच हंगामात मुकादमानं शहरातून एक काचेची नळी आणली. पाण्यात सोडली की पाणी किती दाट ते सांगते म्हणे. अजून डब्यातच होती, पण डबा त्यानं ऑफिसच्या खिडकीत सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. नळी आली आणि पाठोपाठ त्याच्या जीपमधून ही बाई आली. आता दोन आणि दोन मी जोडले नाहीत तर कुणी जोडायचे?

ती कुठल्याशा दवाखान्याकडून आली होती. कुठल्या, ते तिनं सांगितलं, पण मी तेव्हा तिच्या चपलांकडे बघत होते. नव्या होत्या. गोण्या भरायच्या शेडमध्ये तिनं म्हाताऱ्या माणसांना बसवलं, एकेकाच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं, आणि त्याच दिवशी तिचं नाव प्रेशरबाई पडलं. मग तिनं चित्रं काढली. एका चित्रात जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि तिच्यावर लाल फुली. दुसऱ्यात एक आजोबा बूट घालून बागेत चालतायत. रोज अर्धा तास चालायचं, असं ती म्हणाली. जन्मभर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आबांची थोरली बहीण, आमची आत्याबाई, ओळीच्या शेवटच्या घरात एकटी राहते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. तिनं विचारलं, चालायचं ते रिकाम्या हातानं की पाटी घेऊन? सगळी शेड हसली. बाईही हसली. मला तिचं ते हसणंच आवडलं नाही. चारचौघांत फजिती झाल्यावर जो हसतो, तो मनात काहीतरी धरून असतो.

मला वाटलं, गेली आता. पण पुढच्या आठवड्यात ती परत आली. चित्रं नव्हती, पायातही काही नव्हतं. ती सरळ म्हाताऱ्यांना घेऊन बांधावर गेली, चिखलात फतकल मारून बसली आणि विचारायला लागली, बांध फुटतो तो कसा? आधी काही कळतं का? फळी कुठली आधी सुटते? अशा गोष्टी विचारल्या की आमच्या माणसांना किती बोलू आणि किती नको असं होतं. जो तो आपापला फुटलेला बांध सांगायला लागला. शेवटी आबा म्हणाले, "बांध दुखतंय म्हणून सांगत नाही. पाणी वाढत असतं, तो उभा असतो, आणि मग एकदम जातो."

बाई म्हणाली, प्रेशर तसंच असतं आबा. मग तिनं मिठाचं सांगितलं. मीठ पाणी ओढतं, हे काही आम्हाला नवं नव्हतं. मिठाची गोणी भिंतीला टेकवली तर भिंत ओली होते. अंगात गेलेलं मीठही तसंच पाणी ओढून धरतं, मग आतल्या बांधावर जोर येतो, असं ती म्हणाली. आबांनी मान हलवली. आबा सहसा कुणापुढे मान हलवत नाहीत. मला ते खटकलं.

त्या दिवशी ती आमच्या घरी आली. आबांचं प्रेशर तिनं शेडमध्ये दोनदा मोजलं होतं आणि आकडा कुणाला ऐकू जाईल असा बोलली नव्हती. चुलीजवळ बसून तिनं आबांना विचारलं, कधी हात बधिर झाला होता का, बोलणं अडखळलं होतं का? आबा नाही म्हणाले. मी खालमानेनं भांडी घासत होते. थंडीत एका सकाळी आबांच्या हातातून लोटा पडला होता आणि ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले होते ते शब्दच नव्हते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी आलं आणि बाहेर बोलायचं नाही असं आमच्यात ठरलं. बाईवर माझा विश्वास नव्हता, पण त्या सकाळची भीती गेली नव्हती. मी सांगून टाकलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचं धोतर फेडलंय. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मीठ बंद करा असं ती म्हणाली असती तर मी तिला दारातूनच वाटेला लावलं असतं. ती तसं म्हणाली नाही. तिनं माझी चूल बघितली, डबे बघितले, आम्ही काय खातो ते विचारलं. सुकी मासळी रात्रभर पाण्यात घालायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. मीठ एकदम तोडायचं नाही, रोज चिमटीतून थोडं थोडं सोडायचं. लसूण वाढवायचा, आंबट वाढवायचं, म्हणजे जिभेला चुकल्याचुकल्यासारखं होत नाही. गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. हे सगळं ती माझ्याच पातेल्यात ढवळत सांगत होती. परक्या बाईनं माझ्या पातेल्यात पळी घातली की मला खपत नाही, पण कालवण बरं झालं होतं, ते नाकारून चालणार नाही.

मी दोन पातेली करायला लागले, एक आबांचं, एक आमचं. पहिल्या दिवशी आबांनी घास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणाले, नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण तू तर खरंच घातलं नाहीस. हे हसले, मीही हसले, आणि आबा जेवले. गोळ्यांचंही मी बघून घेतलं. आबांची गोळी आणि आत्याबाईची गोळी शेजारी शेजारी ठेवली तर रंग वेगळा. आजार एक आणि गोळ्या दोन कशा? बाईला विचारलं तर म्हणाली, प्रत्येकाचं शरीर वेगळं. उत्तर फार तयार होतं. तरी मी गोळी देत राहिले, कारण आबांच्या पायांची सूज उतरत होती. संध्याकाळी बोट दाबलं की घोट्यावर खळगा पडायचा, तो पडेनासा झाला. सकाळचं डोकं दुखणं गेलं. बांध चढताना ते मध्ये थांबायचे, आता थांबत नव्हते. आत्याबाईही शेडमध्ये पट्टा बांधून घेताना दंड असा पुढं करायची, जशी काही बांगड्या भरायलाच बसलीय.

ऊन तापलं. वाफ्यांत पहिला थर धरला होता, पांढरा, कुरकुरीत, बघून जीव निवावा असा. त्यावर दाट पाणी चढलं की जाड मीठ येणार होतं. सगळी ओळ खाली उभी होती. आबांनी चूळ भरली, करंगळी जिभेवर ठेवली, आणि लगेच भुवया वर गेल्या. त्यांनी परत एकदा चाखलं. मग म्हणाले, "उचला."

ह्यांनी फळी उचलली. पाणी वाफ्यांत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दंताळं घेऊन उतरले तर पायाखाली कुरकुर लागेना. वाकून हात घातला, हाताला चिखल आला. शेजारच्या वाफ्यात तेच, पलीकडे तेच. आख्ख्या ओळीचं धरलेलं मीठ विरघळून गेलं होतं. बायका वाफ्यातच खाली बसल्या. आबा बांधावर उभे होते. खाली यायचं की मागं फिरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मुकादम आला. पाण्यात पाय न घालता त्यानं सगळं बघितलं. आमचे हे पुढं होऊन म्हणाले, आबा चुकणार नाहीत, वरच्या तळ्याची फळी कुणीतरी सैल केली असणार, कच्चं पाणी आत आलं असणार. ह्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं. आबांची जीभ चुकेल हे कुणाच्याच डोक्यात येणार नव्हतं, सूर्य चुकून भलतीकडून उगवला असं कुणी म्हणतं का? मुकादम म्हणाला, ठीक आहे, कुणी सैल केली ते शोधा, तोवर आहे तसं चालू द्या. जाताना त्यानं आमच्या घराकडे बघितलं.

मग शोध सुरू झाला, आणि शोध कसला, नाव तर सगळ्यांच्या ओठांवरच होतं. मुकादमाच्या जीपमधून कोण आलं? बांध कसा फुटतो, फळी कुठली आधी सुटते, हे चिखलात बसून कोण विचारत होतं? मुकादमाला नळी चालू करायचीय, मग आबांना खोटं पाडायला नको का? इतकं चपखल बसत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बायका माझ्याकडे येऊन म्हणाल्या, तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस. मी म्हटलं, मग! आत्याबाईनं तर सगळ्यांच्या देखत आपल्या गोळ्यांची पाकिटं तळ्यात भिरकावली. म्हणाली, त्या बाईचं पाणीसुद्धा आता पिणार नाही.

त्या संध्याकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आबांच्या ताटात मी आमच्या पातेल्यातलं कालवण वाढलं. त्यांनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून बाहेर काढला. म्हणाले, किती मीठ कोंबलंयस यात? ह्यांनी आपल्या ताटातलं चाखलं. मी चाखलं. कालवण रोजच्यासारखं होतं, उलट कमीच मीठ पडलं होतं.

आबांनी बोट पुन्हा कालवणात बुडवलं, जिभेवर ठेवलं, तळ्यावर करतात तसे डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग उठून हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. फळी कुणी सैल केली नव्हती.

आम्ही बाहेर कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर घर गेलं असतं. हे म्हणाले, हंगाम संपेपर्यंत गप्प राहू. मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर हौद होता.

प्रेशरबाई नेहमीच्या दिवशी आली तर शेड रिकामी. ती दवाखान्याच्या गाडीनं आली होती, कुणीतरी तिच्या काचेवर चिखल मारला. ती तशीच आमच्या घरी आली. आबा मागच्या खोलीत जाऊन बसले. मी तिला बस म्हटलं नाही. सरळ विचारलं, मीठ कमी केलं की जीभ बदलते, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?

ती म्हणाली, "माहीत होतं. काही आठवड्यांनी थोडं मीठही फार खारट लागायला लागतं. आम्ही ते लोकांना चांगली बातमी म्हणून सांगतो. म्हणजे मग अळणी खाणं जड जात नाही."

"आम्हाला का नाही सांगितलीत ही चांगली बातमी?"

"तुमच्याकडे सांगणारच होते, पुढच्या वेळी." मग ती भिंतीला टेकली. "आबा जिभेनं काम करतात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं ताई. बांधाचं सुचलं मला, आणि हे नाही सुचलं."

मी तिच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलणारी माणसं मला लांबून कळतात, असा माझा समज आहे. ती खोटं बोलत नव्हती, आणि त्यामुळे मला तिचा आणखीच राग आला. लबाड असती तर बरं झालं असतं, मनासारख्या शिव्या तरी देता आल्या असत्या. ती म्हणाली, मी मुकादमांना जाऊन सांगते, चूक माझी आहे. मी म्हटलं, खबरदार, तोंड उघडलंत तर घर आमचं जाईल, तुमचं काय जातंय? तिनं आत्याबाईच्या गोळ्यांची नवी पाकिटं माझ्या हातात ठेवली. त्यांचं प्रेशर आबांपेक्षा जास्त आहे, एवढं एक करा, असं म्हणाली. मी पाकिटं डब्यावर ठेवली. आत्याबाईकडे दोनदा गेले, दोनदा तिनं मला दारातून परत पाठवलं.

आबा आता जीभ परत आणायच्या मागे लागले. मीठ मागत नव्हते, वाफ्याच्या कडेचा खडा उचलायचे आणि गालात धरायचे. मी घरातलं मीठ लपवलं, आणि लपवताना माझं मलाच हसू आलं. दारात डोंगराएवढे मिठाचे ढीग आणि मी चिमूटभर डबीत कोंडत होते. चार दिवसांत घोटे पुन्हा फुगले. सकाळी आबा कपाळ दाबून बसायला लागले. ह्यांचं आणि माझं जुंपलं. हे म्हणाले, थोडेच दिवस, जीभ आली की सगळं सुरळीत होईल. मी म्हटलं, आणि हात गेला तर? तोंड पुन्हा ओघळलं तर कुठल्या जिभेनं चाखणार? हे म्हणाले, मग हौद सोडायची तयारी आहे का तुझी? तयारी नव्हती. आबा सगळं ऐकत होते, गालात खडा होता.

वाफे पुन्हा भरायचे होते. पाणी तापत होतं. आबा रोज "अजून" म्हणत होते, कारण "उचला" म्हणायचा त्यांना धीर होत नव्हता. खाली माणसं आता दंताळी टेकून उभी राहायची आणि आपापसात बोलायची. पूर्वी आबा चाखत असताना कुणी खोकतही नसे.

अशाच एका दुपारी आम्ही जुन्या ढिगाचं मीठ पाट्यांत भरत होतो. आत्याबाई माझ्यापुढं वाकली होती. ती वाकलेलीच राहिली. मी बघितलं तर तिच्यासमोरच्या मिठावर लाल थेंब पडत होते, मग थेंबांची धार लागली. नाकातून रक्त. ती म्हणाली, ऊन आहे, काही नाही. पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं रक्ताचं मीठ बाजूला सारायला लागली, चांगलं मीठ खराब होऊ नये म्हणून. आबा बांधावरून धावत आले. ह्या वयात ते असे धावतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी तिला ढिगाला टेकवून बसवलं, डोकं पुढं वाकवलं, नाक दाबून धरलं. ती म्हणत होती, सोड, नाक तोडतोस का? रक्त थांबायला बराच वेळ लागला. आबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

हौदावर येऊन त्यांनी हात धुतले. मग गालातला खडा बोटानं काढून टाकला आणि चुळा भरल्या, एकामागून एक. मला म्हणाले, चल. कुठं, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, आबा, एकदा विचार करा. ते म्हणाले, "केला. एवढे दिवस तेवढंच तर करत होतो."

मुकादम शेडमध्ये गोण्या मोजून घेत होता. सगळी ओळ तिथंच होती, आत्याबाईसुद्धा नाकाला पदर लावून. आबा मध्ये उभे राहिले आणि तळ्यावर बोलायचे त्याच आवाजात बोलले. "फळी कुणी सैल केली नव्हती. माझी जीभ चुकली. अळणी खाऊन ती बदललीय. त्या बाईनं काही केलेलं नाही, गोळ्यांत काही नाही. नळी काढा डब्यातून."

मुकादमानं गोण्यांवरून हात काढला. म्हणाला, "मग घराचं?"

"उद्या रिकामं करतो."

मला वाटलं होतं, कुणीतरी काहीतरी बरं बोलेल. आबांनी ह्या माणसांसाठी जन्मभर खारं पाणी चाखलं. एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी मुकादमाकडे बघितलं. ते काय बोलले ते मला न ऐकता कळलं, मी त्यांच्या जागी असते तर तेच बोलले असते. म्हाताऱ्याला फोडला. आत्याबाई तर मोठ्यानंच म्हणाली, ह्याला काय कबूल केलंय ते कळेल हळूहळू.

आबा बाहेर पडले. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो नेमका कुणावर आला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

सामान हलवायला फार वेळ लागला नाही. आम्हाला ओळीच्या शेवटाकडची खोली मिळाली, आत्याबाईच्या भिंतीला भिंत. पत्र्याला भोकं होती, दार लागत नव्हतं. हे सकाळपासून खाली मान घालून दाराला खिळे मारत होते. तळ्यावर मुकादमाचा माणूस नळी घेऊन बसला होता आणि आमच्या जुन्या दारात दुसऱ्याच कुणाची वळकटी पडली होती. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि हंडा घेऊन रस्त्यावर गेले. टँकरपाशी बायकांनी मला रांगेत शेवटी उभं केलं. बरोबरच होतं, मी नवी होते.

भरला हंडा डोक्यावर घेऊन परत येते तर आबा आत्याबाईच्या उंबऱ्यावर बसलेले. पुढ्यात पाण्याचा तांब्या, एका बाजूला त्यांच्या गोळ्या, एका बाजूला तिच्या. डब्यावरची पाकिटं त्यांनी केव्हा घेतली होती कोण जाणे. आत्याबाई आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, नाकपुडीला अजून वाळलेलं रक्त. पण जीभ शाबूत होती.

"आधी सांग, तुला काय मिळणार आहे," ती म्हणाली.

"घर गेलं माझं, अक्का."

"घर गेलं ते दिसतंय. बदल्यात काय मिळणार ते दिसत नाही."

आबांनी तिची गोळी पुढं केली. ती म्हणाली, आधी तू घे. आबांनी आपली गोळी तोंडात टाकली, तांब्या उंच धरून पाणी प्याले. ती म्हणाली, गालात ठेवली असशील, तुला सवय लागलीय. आबांनी आ केला. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. ती गुडघ्यावर हात टेकत पुढं सरकली, त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अधू डोळे बारीक करून आत बघितलं. "जीभ वर कर," ती म्हणाली. ज्या जिभेकडे सगळं मिठागर बघत राहायचं, ती आबांनी मुकाट वर केली.

मग तिनं आपली गोळी उचलली. उलटी केली, वास घेतला, तोंडात टाकली, पाणी प्याली, पदरानं ओठ पुसले.

"आता तू," आबा म्हणाले.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"नाही."

आत्याबाईनं तोंड उघडलं. आबा वाकून बघत होते. जीभ वर कर म्हणाले, तिनं केली. उद्या पुन्हा बघणार म्हणाले. ती म्हणाली, बघ, मी काय सोडणार आहे तुला?

डोक्यावरचा हंडा न उतरवता मी तशीच उभी होते. दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता, आणि दोघांच्याही गोळ्या पोटात गेल्या होत्या.